एक विषय, सगळ्यांचे फोटो: बडोद्यातल्या आमच्या फोटो-चर्चेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही चर्चा म्हणजे नक्की काय असतं?

महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही काही हौशी मंडळी दांडिया बाजारात एका सदस्याच्या घरी जमतो. आधी ठरलेल्या एका विषयावर प्रत्येकाने काढलेले फोटो टेबलावर मांडतो आणि त्यांच्याबद्दल बोलतो. बँकेतले, शाळेतले, निवृत्त, कॉलेजला जाणारे असे सगळे असतात. फोटोवर पोट असलेलं कुणी नाही. फी नाही, फॉर्म नाही.

स्पर्धा असते का? नंबर काढता का?

नाही. नंबर काढायला लागलं की माणसं फक्त जमलेले फोटो आणतात आणि अडलेले घरी ठेवतात. बोलण्यासारखं जास्त असतं ते अडलेल्या फोटोंतच.

सगळ्यांना एकच विषय कशासाठी? ज्याला जे आवडतं ते त्याने आणावं की.

तसं केलं की चर्चा आवडीनिवडीची होते. कुणाला पक्षी आवडतात, कुणाला देवळं, आणि ज्याचा त्याचा फोटो ज्याच्या त्याच्या जागी बरा दिसतो. विषय एक असला की प्रत्येकाने घेतलेले निर्णय उघडे पडतात. कुठे उभा राहिला, कितपत जवळ गेला, काय चौकटीबाहेर ठेवलं, कोणती वेळ निवडली.

‘पाणी’ हा विषय घ्या. निम्म्या लोकांनी सूरसागर आणला, तोही संध्याकाळचा, दिवे लागल्यावरचा. ते साहजिकच आहे, कारण शहराच्या मधोमध तलाव असलेल्या गावात पाणी म्हटलं की तोच आठवतो. पण सूरसागरचे चार फोटो शेजारी शेजारी ठेवले की एकात प्रतिबिंब अर्धवट कापलंय, दुसऱ्यात कठड्यावर बसलेला माणूस मुख्य झालाय आणि तलाव मागे पडलाय, तिसऱ्यात आकाशच दोन-तृतीयांश आहे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्यांच्या शेजारी एकीने नळाखाली लावलेल्या भांड्यांची रांग ठेवली होती, पहाटेच्या उजेडातली. कुणी विश्वामित्रीच्या पुलावरून खालचा गढूळ प्रवाह टिपला होता, आणि काठावर पाहिल्याशिवाय लक्षात न येणारी मगर. (ती पुलावरूनच काढलेली होती, म्हणून चर्चेला घेतली. मगरीच्या जवळ जाऊन काढलेला फोटो आम्ही टेबलावर ठेवत नाही.) त्या सकाळी भांड्यांच्या फोटोवर सगळ्यात जास्त बोलणं झालं. सूरसागरच्या चार फोटोंशिवाय ते झालं नसतं.

एका विषयाला चिकटून राहण्याची मोठी परंपरा या शहरातच आहे. ज्योती भट्ट इथल्या विद्यापीठाच्या फाईन आर्ट्स विभागात चित्रकला शिकले आणि पुढे तिथेच शिकवलं. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते गावोगाव हिंडून भिंतींवरची, अंगणातली, घराघरांतली लोककला कॅमेऱ्यात टिपत राहिले. त्या कामाचं मोल एकेका फोटोत आहेच, पण ते फोटो एकमेकांशेजारी ठेवले की ते कितीतरी वाढतं.

विषय कोण ठरवतं?

आळीपाळीने. एकच पथ्य आहे: विषय घरातून बाहेर न पडताही करता आला पाहिजे. आमच्यात लहान मुलं सांभाळणाऱ्या आया आहेत, गुडघे दुखणारे काका आहेत. ‘पावागडची पहाट’ हा विषय त्यांना बाहेर ठेवतो. ‘पायरी’ ठेवत नाही. ओटला (घरापुढचा ओटा), दोर, वाट पाहणं, दोन रंग, हात, असे विषय चांगले चालले आहेत. ‘सौंदर्य’, ‘जीवन’ असले विषय सुचवले जातात, पण ते आम्ही घेत नाही. त्यात काहीही बसतं, त्यामुळे बोलायला काहीच उरत नाही.

माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. चालेल?

चालेल. आमच्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांकडे तोच आहे. फक्त दोन गोष्टी माहीत असू द्या, कारण त्यांच्यावर बोलणं वारंवार येतं.

फोनची नेहमीची लेन्स बऱ्यापैकी रुंद पाहते. तिने कुणाचा चेहरा हातभर अंतरावरून काढला की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. दोष फोनचा नाही, अंतराचा आहे. दोन पावलं मागे जा आणि फोनमध्ये दुपटीची लेन्स असेल तर ती वापरा.

दुसरी गोष्ट उंच इमारतींची. न्यायमंदिर किंवा लक्ष्मी विलास खालून फोन वर करून काढला की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात आणि इमारत मागे कलंडल्यासारखी वाटते. लांब जाऊन फोन सरळ धरला तर हे बरंच कमी होतं. झुकाव मुद्दाम हवा असेल तर इतका झुकवा की तो मुद्दाम केलाय हे दिसेल. थोडासा झुकाव चुकून राहिल्यासारखा वाटतो.

फोटो किती आणि कसे आणायचे?

दोन, छापून. स्क्रीनवर पाहताना बोट आपोआप पुढे सरकतं. कागदावर नजर थांबते, आणि सगळ्यांना एकाच वेळी तेच दिसतं.

छापताना आकार विचारून घ्या. बहुतेक फोन ४:३ या प्रमाणात फोटो काढतात, आणि स्टुडिओत सहज मिळणारी ४×६ इंची प्रत ३:२ प्रमाणाची असते. म्हणजे आडव्या फोटोचा वरून-खालून मिळून नववा हिस्सा कापला जातो. कित्येकांची पावलं आणि देवळांचे कळस असेच गेले आहेत, आणि मग चर्चेत ‘पाय का कापलेत?’ असं विचारलं की काढणाऱ्यालाच धक्का बसतो. ६×८ इंची प्रत मागितली तर फोनचा फोटो पूर्ण बसतो. स्टुडिओला फोटो व्हॉट्सअ‍ॅपने पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबून लहान होतो आणि छापल्यावर बारकावे पुसट येतात.

प्रतीच्या मागे पेन्सिलने नाव लिहा. पुढे नको.

नाव पुढे का नको?

याचं उत्तर खालच्या, वयाने मोठ्या माणसांच्या प्रश्नात आहे.

मला फोटोग्राफीतलं काहीच कळत नाही. मी दुसऱ्याच्या फोटोबद्दल काय बोलणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगतो.

ज्याने फोटो काढला त्याला तो फोटो नीट दिसत नाही. त्याला ती सकाळ आठवते, तो वास, रस्त्यावरचा आवाज, त्या आजी काय म्हणाल्या ते. हे सगळं फोटोत आलंय असं त्याला वाटतं, कारण त्याच्या मनात ते आहे. तुम्ही तिथे नव्हता. तुम्हाला फक्त कागदावर जे आहे ते दिसतं. काढणाऱ्याला जे स्वतःला कधीच करता येणार नाही ते तुम्ही करू शकता, आणि त्यासाठी शटर आणि आयएसओ माहीत असण्याची गरज नाही.

म्हणून सुरुवात दिसण्यापासून करा. नजर आधी कुठे गेली? मग कुठे? कुठे अडकली? कुठून बाहेर पडली? ‘मला आधी निळा ड्रम दिसला, मग बऱ्याच वेळाने कोपऱ्यातली मुलगी’ एवढं बोललात तरी फार मोठं काम झालं. काढणाऱ्याने मुलीचा फोटो काढला होता. ड्रम तिथे होता हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

पायरी दुसरी: यात विषय कुठे आहे? ‘वाट पाहणं’ असा विषय असेल तर वाट पाहणं मला कशातून कळलं, बसलेल्या माणसाच्या खांद्यांतून की रिकाम्या रस्त्यातून? की फक्त काढणाऱ्याने सांगितलं म्हणून?

मग जे धरून ठेवतं ते सांगा, आणि नेमकं सांगा. ‘उजेड छान आहे’ यातून कुणाला काही मिळत नाही. ‘उजेड डावीकडून येतो म्हणून हातावरच्या शिरा दिसतात’ हे त्याला पुढच्या वेळी वापरता येतं.

बदल सुचवायचा तो सगळ्यात शेवटी, आणि तो करता येण्यासारखा हवा. ‘बॅकग्राउंड वाईट आहे’ म्हणून माणूस घरी काय करणार? त्याऐवजी ‘विजेचा खांब आजींच्या डोक्यातून निघाल्यासारखा दिसतो, अर्धं पाऊल डावीकडे सरकला असता तर तो भिंतीमागे गेला असता’ असं सांगा. ते अर्धं पाऊल त्याच्या पायांना लक्षात राहतं.

सराव हवा असेल तर कॅमेरा घरी ठेवून फत्तेसिंह म्युझियममध्ये राजा रविवर्म्याची चित्रं पाहायला जा. एका चित्रासमोर उभं राहून मनातल्या मनात बोला: उजेड कुठून येतोय, हात कुठे नेतो, मागे काय अंधारात सोडलंय. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ दरम्यान रंगवलेली भित्तिचित्रं आहेत. तिथे माणसांची एवढी गर्दी असूनही नजर हरवत नाही, ती का, हे शोधण्यात एक सकाळ सहज जाते.

फोटो काढणाऱ्याने तेव्हा काय करायचं?

गप्प राहायचं. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत. हे अवघड जातं, पण आम्ही याबाबत कडक आहोत. ‘अहो, त्या दिवशी ना…’ अशी गोष्ट सुरू झाली की सगळे गोष्ट ऐकतात आणि फोटो पाहणं थांबतं. शेवटी त्याने मनसोक्त बोलावं, काय करायचं होतं ते सांगावं. तेव्हाच खरी गंमत येते, कारण लोकांनी पाहिलेलं आणि त्याने योजलेलं यांतलं अंतर सगळ्यांसमोर असतं.

‘छान’, ‘अप्रतिम’ म्हणायचंच नाही का?

म्हणा, पण पुढे ‘कारण’ लावा.

वयाने मोठ्या माणसाचा फोटो असेल तर कसं बोलायचं? काकांना चूक कशी दाखवणार?

यासाठीच नाव मागे असतं. टेबलावर फोटो मांडतो तेव्हा कोणता कुणाचा ते ठाऊक नसतं, आणि बोलून झाल्यावरच प्रत उलटायची. नाहीतर आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: काकांच्या फोटोला सगळे माना डोलावतात आणि कॉलेजातल्या मुलाच्या फोटोची चिरफाड होते. दोघांचंही नुकसान. काकांचं तर जास्तच, कारण त्यांना खरं सांगणारं कुणी उरत नाही, आणि ते तेच तेच फोटो काढत राहतात.

ओळख पटलीच (काही जणांची शैली लपत नाही), तर ‘काका, तुम्ही’ म्हणत आदराने बोला, पण बोलायचं तेच बोला. वाक्य फोटोबद्दल ठेवा. ‘तुम्हाला क्षितिज सरळ धरता येत नाही’ आणि ‘इथे क्षितिज उजवीकडे उतरलंय’ यातलं दुसरं वाक्य बोलताना वय आड येत नाही. आणि मोठ्यांना विनंती: ‘आमच्या वेळी रोलमध्ये असं नव्हतं’ हे चहाच्या वेळी सांगा, तेव्हा ते ऐकायला आम्हाला मनापासून आवडतं. खरंच उपयोगीही असतं. १२० नंबरच्या रोलवर चौकोनी फोटो बाराच निघायचे, त्यामुळे बटण दाबण्याआधी बघायची सवय लागायची, ती आज मुद्दाम लावून घ्यावी लागते.

फोटोत पाच-सहा चुका दिसल्या तर सगळ्या सांगाव्यात?

एक सांगा. जी सुधारल्याने फोटो सगळ्यात जास्त बदलेल ती. सगळ्या एकदम सांगितल्या की माणूस एकही धरून ठेवत नाही आणि पुढच्या महिन्यात येतही नाही. बाकीच्या दुसऱ्या कुणाला दिसतील किंवा पुढच्या फोटोत पुन्हा येतील.

‘हा फोटो विषयात बसत नाही’ असं म्हणता येतं का?

आधी शोधून पाहा. ‘दार’ या विषयावर लहरीपुरा दरवाजा आणि मांडवी येतातच. पण एकाने बाहेर काढून ठेवलेल्या चपलांचा ढीग आणला. दार चौकटीत नव्हतंच. काहींनी विषयाबाहेर ठरवला. माझं मत वेगळं आहे: त्या चपलांच्या टोकांवरून दार कुठे आहे हे स्पष्ट कळत होतं, आणि आत किती माणसं आहेत हेही. दरवाज्याच्या सुबक फोटोंपेक्षा दार त्यातच जास्त होतं. मात्र जुना आवडता फोटो ओढून-ताणून विषयात बसवला असेल तर ते लगेच दिसतं, आणि तसं स्पष्ट सांगितलेलं चांगलं.

उत्तरायण आणि गरब्याचे फोटो नेहमी सारखेच का येतात? त्यांच्यावर वेगळं काय बोलणार?

कारण सगळे एकाच दिशेला पाहतात. उत्तरायणात सगळे कॅमेरे वर. आकाश इतकं उजळ असतं की कॅमेरा उजेड कमी करतो आणि पतंगाचा रंग जाऊन काळी चौकट उरते. उजेडाची भरपाई (एक्सपोजर कॉम्पेन्सेशन) एक घर, म्हणजे +१, वाढवली तर रंग परत येतो. सूर्य पाठीशी ठेवला तर आणखी. बडोद्यात १४ जानेवारीला सूर्य भर दुपारीही ४६ अंशांच्या आसपासच चढतो, म्हणून गच्चीवरच्या चेहऱ्यांना दिवसभर तिरका, चांगला उजेड मिळतो. जूनमध्ये तोच सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. म्हणजे उत्तरायण हा चेहऱ्यांचा सण आहे, आणि आपण पतंगांमागे लागतो. बोटांना गुंडाळलेल्या चिकटपट्ट्या, फिरकी धरून कंटाळलेली धाकटी बहीण, संध्याकाळी झाडात अडकलेला मांजा, हे पाहा. ‘दोर’ या विषयावर सगळ्यात बोलकी निघाली ती चिकटपट्टीची बोटं.

गरब्याची अडचण निराळी. एकतर सगळं गोठतं, नाहीतर सगळंच पुसट होतं. १/२५० सेकंदाच्या शटरला घेरदार घागराही हवेत ताठ उभा राहतो आणि फिरणं हरवतं. १/१५ ते १/३० ला घागरा वाहतो, पण एखादा चेहरा स्थिर हवा, नाहीतर नजर टेकायला जागा नाही. टाळी वाजते त्या क्षणी माणूस निमिषभर थांबतो, तो पकडा. फोटोत आडवे काळसर पट्टे आले तर तो दिव्यांचा लुकलुकाट आहे: आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून पुष्कळ दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवलं की पट्टे बहुधा जातात. चर्चेत हे सांगताना आधी विचारा की काढणाऱ्याला गोठवायचं होतं की वाहू द्यायचं होतं. नाहीतर आपण त्याच्या हेतूवरच टीका करून बसतो.

अनोळखी माणसांचे फोटो आणावेत का?

परवानगी घेऊन, किंवा नंतर स्क्रीन दाखवून. खंडेराव मार्केटमधले भाजीवाले बहुतेक हसून हो म्हणतात. गरब्यात नाचणाऱ्या मुलींचे जवळून, त्यांच्या नकळत काढलेले फोटो आम्ही चर्चेला घेत नाही, कितीही उत्तम असले तरी. मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारा. रस्त्यावर झोपलेल्या माणसाचा फोटो तर नकोच. त्याला नाही म्हणण्याची संधीच मिळालेली नसते.

एडिटिंग केलेला फोटो चालतो का? आणि एआयने केलेला?

क्रॉप, उजेड, रंग, कृष्णधवल, सगळं चालतं. जास्त झालेलं असलं तर लोक सांगतातच, विशेषतः रंग भडक केलेले असले की. एआयने तयार केलेलं चित्र नाही घेत. आमचं सगळं बोलणं तुम्ही कुठे उभे होता आणि कधी बटण दाबलंत यावर चालतं, आणि त्या चित्रात कुणी उभंच नव्हतं.

माझ्या फोटोवर बोललेलं मनाला लागलं. काय करू?

लागणारच, विशेषतः फोटो घरच्या माणसाचा असला की. आपल्या आजीचा शेवटचा फोटो चर्चेला ठेवू नका. तो तुमच्यासाठी पूर्ण आहे आणि त्यात कुणी काही सुधारावं अशी गरज नाही. बाकी फोटोंबद्दल जे ऐकलंत ते त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा आणि आठवड्याने वाचा. तीन जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली असेल तर ती खरी आहे असं धरा. एकानेच सांगितली असेल तर सोडून देण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि कुणी खरोखर टाकून बोललं असेल तर घरमालकीणताईंना सांगा. ताई त्या माणसाशी स्वतंत्रपणे बोलतात, चारचौघांत नाही.

गुजराती मित्राला आणू का?

जरूर. बोलणं मराठी-गुजराती मिसळूनच चालतं, घरोघरी चालतं तसं.

शाळेतली मुलं?

दहा-बारा वर्षांच्या पुढची मुलं येतात, आणि दिसलेलं सांगण्यात ती मोठ्यांच्या पुढे असतात. होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांचा शेवटचा बराच काळ बडोद्यातच गेला आणि २०१२ मध्ये त्या इथेच वारल्या. त्यांचे जुने फोटो मुलांसमोर ठेवतो आणि फक्त विचारतो, आधी काय दिसलं? नेत्यांची नावं ठाऊक नसल्यामुळे मुलं हात, टोप्या, मागे उभी असलेली माणसं पाहतात. मोठ्यांना आधी नेहरू दिसतात आणि तिथेच त्यांचं पाहणं संपतं.

चर्चा झाल्यावर पुढे काय?

जमलं तर तोच फोटो पुन्हा काढा. त्याच ओट्यावर, त्याच वेळी, सुचवलेला एकच बदल करून. पुढच्या बैठकीत जुनी आणि नवी प्रत शेजारी ठेवायला पहिली पंधरा मिनिटं राखून ठेवलेली असतात. कधी नवा चांगला होतो. कधी जुनाच बरा होता असं सगळ्यांचं ठरतं, आणि मग सूचना देणाऱ्याला त्याची सूचना का चुकली ते कळतं. सूचना देणाऱ्यालाही शिकायला मिळावं म्हणूनच ही पंधरा मिनिटं आम्ही कधी गाळत नाही.

पहिल्यांदा येताना फोटो आणलाच पाहिजे का?

नाही. एकदा नुसते बसा, दोन-तीन फोटोंबद्दल दिसलेलं सांगा, चहा घ्या. निघताना पुढचा विषय कळेल.